परीच्या बागेत पडलेला बर्फ

लातूरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि मला विचारलं, "शिक्षण किती झालंय?" मी म्हणालो, "सातवी. पण सांगा साहेब, समजतंय मला." ते म्हणाले, "शिवानीला अप्लास्टिक अॅनिमिया आहे." हाडांच्या आत मगज असतो, त्याला बोन मॅरो म्हणतात. रक्त तिथं तयार होतं. माझ्या पोरीचं ते काम जवळजवळ बंद पडलं होतं. कॅन्सर नाही म्हटल्यावर मी हात जोडले. डॉक्टर म्हणाले, "हात जोडू नका. हेही तेवढंच अवघड आहे."

शिवानी आठ वर्षांची. आधी पायावर निळे डाग आले, मग दात घासताना रक्त. खेळताना लागलं असंल म्हणून आम्ही महिनाभर मलम लावत बसलो. तुमच्या लेकराला असे डाग दिसले तर मलम लावू नका, रक्त तपासा. एवढ्यासाठीच मी हे लिहितोय. लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्या.

लातूरहून आम्हाला नांदेडला पाठवलं. आमचं गाव मुरुडजवळ. नांदेडात ओळखीचं कुणी नाही. तिची आई धाकटीला घेऊन गावाकडं राहिली, मी वॉर्डात. धाकटीचा बोन मॅरो हिला चालतो का, ते पाहिलं. जुळला नाही. मग इंजेक्शनांचा कोर्स दिला. डॉक्टर म्हणाले, "आता तीन-चार महिने वाट पाहायची."

वाट पाहायची म्हणजे रोज सकाळी रक्त काढायचं आणि आकडा ऐकायचा. न्यूट्रोफिल म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. तिच्या नावालाच उरल्या होत्या. सिस्टरनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं: मास्क लावा, पाणी उकळून द्या, फुलं आणू नका, कापलेली फळं आणू नका. मी सगळं पाळलं. मातीचं कुणी बोललं नव्हतं, आणि मीही विचारलं नाही.

शेजारच्या खाटेजवळच्या बाईंच्या मोबाईलवर शिवानीनं परीची बाग पाहिली. ताटाएवढ्या जागेत घर, पायवाट, हिरवळ. मी गवंडी माणूस. म्हणालो, "हात्तिच्या, एवढंच? बांधू की."

"परीला दार किती मोठं लागंल?"

तिनं अंगठा दाखवला. "एवढी असती परी."

"आणि संडास?"

"पप्पा! परी जात न्हाई संडासला."

"मग बरं हाय. खड्डा वाचला."

लई दिवसांनी हसली. मग म्हणाली, "घर नको. कोप पायजे." आमच्या लातूरकडं येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, सगळं गाव रानात जेवायला जातं, तिथं कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी करून आत पाच पांडवांची पूजा करतात. परीनं येळवशीला रानात यावं, असं तिच्या मनात होतं.

एका दाखल्यासाठी मला शेजारच्या बाईंना तिच्याजवळ बसवून एक दिवस गावी जावं लागलं. येताना भावाच्या रानातली काळी माती आणि मूठभर कडबा पिशवीत घालून आणला. आपल्या रानातली माती म्हणजे मला घरच्या भाकरीसारखी वाटायची. तिच्यापासून काही होईल हे डोक्यातच आलं नाही. थर्माकोलच्या खोक्यात माती पसरली, गहू पेरले, बोटभर उंचीची कोप केली. पांडव म्हणून पाच खडे चुन्यानं रंगवून आत बसवले. सिस्टर घाणीवरून बोलतील म्हणून झाकण लावून खोकं खाटेखाली सरकवायचो. त्या गेल्या की दोघं झाकण उघडून बघायचो.

आठवड्यानं झाकण काढलं तर कोपीवर पांढरं, मऊ, कापसासारखं काही आलं होतं. शिवानी कुजबुजली, "पप्पा, परीकडं बर्फ पडला!" मीही वाकून बघितलं. तिनं त्याच्यावर फुंकर मारली. मी हसलो.

चार दिवसांनी ताप आला. तीन दिवस अँटिबायोटिक दिलं, उतार नाही. डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं काही आणलं होतं का?" मी म्हणालो, "न्हाई साहेब, काहीच न्हाई." भीती वाटली. इथून काढलं तर हिला घेऊन कुठं जाऊ?

दुसऱ्या दिवशी छातीचा सीटी स्कॅन झाला. फुप्फुसात डाग दिसला. डॉक्टर म्हणाले, "फंगल इन्फेक्शन वाटतंय. म्हणजे बुरशी." ती पांढरी कोप माझ्या डोळ्यांसमोर आली. मी तिथंच सगळं सांगितलं.

त्यांनी ते केसपेपरवर लिहून घेतलं. मग म्हणाले, "मातीमुळंच झालं, असं मी ठाम सांगू शकत नाही. पण काल सांगितलं असतं तर एक दिवस वाचला असता." पुढच्या रिपोर्टची वाट न बघता त्यांनी त्याच दुपारी बुरशीवरचं औषध सुरू केलं. सिस्टरनी हातमोजे घालून खोकं नेलं. एवढंच म्हणाल्या, "भाऊ, मला विचारायचं की. मी काय खाते का तुम्हाला?" त्या सिस्टरचे उपकार मी विसरणार नाही. वॉर्डात काहीही नेण्याआधी विचारा. लपवलं असेल तर आजच सांगा. रागावतील, पण हाकलत नाहीत.

सहाव्या दिवशी ताप उतरला. आकडा मात्र वर आला नाही. चार महिने झाल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "कोर्सचा उपयोग झालेला दिसत नाही." आता रक्त आणि प्लेटलेट चढवत राहायचं. प्लेटलेट म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी. देणाऱ्यांची नावं कळत नाहीत. प्रत्येक पिशवीला मी मनातल्या मनात नमस्कार करतो. पुढं काय, हे मी आता विचारत नाही. उत्तर मला माहीत आहे.

एक दिवस रक्त चढत असताना शिवानीनं विचारलं, "मी बाग मागितली म्हणून ताप आला का?"

एवढे दिवस ती हे मनात धरून होती.

म्हणालो, "गवंडी कोण हाय?"

"तुम्ही."

"माती कुणी आणली?"

"तुम्ही."

"मग चूक कुणाची?"

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "तुमची," म्हणाली.

तिच्या तोंडून ते ऐकल्यावर माझा जीव हलका झाला. ती त्या दिवशी पोटभर जेवली. तेव्हापासून मी खाटेजवळ गेलो की ती माझे हात उलटे करून एकेक नख तपासते, आणि सिमेंटचा जुना डाग दिसला तरी मला परत धुवायला पाठवते. मी जातो.