शेवटची ट्रंक उघडायची नाही!

फौजी माणसाशी लग्न केलं की सामान वाढत नाही, किस्से वाढतात. सामान दर बदलीला कमी करावं लागतं. किस्से मात्र आपोआप बरोबर येतात. आम्ही तिघी-चौघी चहाला बसलो की एकीचा संपायच्या आत दुसरीचा सुरू!

हे सगळे ऐंशीच्या दशकातले, आमच्या घाटकोपरच्या क्वार्टर्समधले. आमचे हे नायब सुभेदार. मी बीएड, गणिताची बाई. सात वर्षांत चार शाळा केल्या, पण जूनमध्ये हातात घेतलेला वर्ग एकदाही एप्रिलपर्यंत नेता आला नाही. पोरांची परीक्षा यायच्या आत आमची बदली! मुंबईला उतरल्या उतरल्या मी यांना बजावलं, "यंदा एक तरी वर्ग निकालापर्यंत नेणार म्हणजे नेणार!"

"मला काय सांगतेस? ऑर्डर मी काढतो का?" हे म्हणाले.

*

आमचं सामान सात काळ्या ट्रंकांतून आलं. सहा उघडल्या. सातवीच्या कडीला हात घालते तोच शेजारच्या सावंतवहिनी पिठाच्या हातांनी धावत आल्या. वहिनी मालवणच्या. फौजेबरोबर सगळा देश फिरल्या, पण बोलणं जसंच्या तसं.

"अगो बाय माझ्या, शेवटची ट्रंक उघडू नको! मागच्या खेपेक मी उघडलंय नि आठव्या दिवशी बदलीची ऑर्डर इली!"

सगळ्या ब्लॉकची हीच श्रद्धा. प्रत्येकीच्या घरात एक ट्रंक बंद, तिच्यावर चादर, चादरीवर फुलदाणी. मी हसले. म्हटलं, "वहिनी, मी गणित शिकवते. मी असलं काही मानत नाही."

त्या गेल्यावर मी गुपचूप कुलूप लावलं आणि वर टाकायला चादर शोधली. फुलदाणीसुद्धा ठेवून झाली आणि मग आठवलं, माझी ओरिजिनल सर्टिफिकेट्स त्याच ट्रंकेत आहेत. वाट लागली!

*

नोकरीसाठी नाव नोंदवायला एका कचेरीत गेले. फॉर्मवर गेल्या सात वर्षांतले पत्ते विचारलेले आणि जागा दोन ओळींची. मी वेगळा कागद जोडला. क्लार्कने पठाणकोटपासून जोरहाटपर्यंत सगळं बोट ठेवून वाचलं. चष्मा काढला, आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणाला, "ताई, खरं सांगा. मिस्टरांच्या मागे पोलीस आहेत ना?"

*

अंधेरीच्या एका शाळेत इंटरव्ह्यूला तीन जण बसले होते. गणिताचं कोणी काही विचारेना. एकच प्रश्न, "तुमची बदली कधी होणार?"

मी प्रामाणिकपणे म्हटलं, "ते आधी कोणालाच कळत नाही."

"असं कसं? कोणाला तरी कळत असेल!"

"कळतं ना. धोब्याला. साहेब लोक कपडे जास्त टाकायला लागले की तो ओळखतो."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मधले गृहस्थ फाईल बंद करत म्हणाले, "मग बाई, तुम्ही धोब्याचं पत्र घेऊन या!"

घरी येऊन सांगितलं तर हे पोट धरून हसले. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

*

आमची वरच्या मजल्यावरची गुरमीत माझ्याहून धीट. चारकोपला काचेच्या बरण्यांच्या कारखान्यात टायपिस्ट हवी होती, तिथे जाऊन बसली. मालकाने विचारलं, "टाइपिंग आता है?"

"नहीं आता, सीख लूँगी."

मालक दार दाखवणार इतक्यात हिचं लक्ष बाहेर गेलं. माणसं खोक्यांत बरण्या नुसत्या रचत होती. हिला ते बघवेना! बांगड्या मागे सारल्या, वर्तमानपत्रं मागवली आणि आपण बदलीत कपबश्या बांधतो तसं एक खोकं बांधलं. मग मालकाला म्हणाली, "फेंको!"

त्याने भीतभीत जिन्यावरून सोडलं. एकही बरणी फुटली नाही. गुरमीत टायपिस्ट झाली नाही, दुसऱ्या दिवसापासून पॅकिंगची सुपरवायझर झाली! मला आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर थोडी जळलेसुद्धा.

*

जून उजाडला. शाळा सुरू व्हायला चार दिवस उरले आणि मुलुंडच्या एका शाळेचं बोलावणं आलं. सावंतवहिनींनी दारातच पढवलं, "फौजेचा नावच काढू नको. घोव बँकेत आसा म्हणान सांग!"

मोठ्या बाई साठीच्या जवळपास आलेल्या. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, खोली एकदम टापटीप. कपाटात रजिस्टरं उंचीप्रमाणे, कोपऱ्यात काहीतरी ठेवलेलं, त्यावर चादर, चादरीवर फुलदाणी. त्यांनी मला फळ्यावर एक प्रमेय समजावून द्यायला लावलं. मान डोलावली. माझा जीव भांड्यात पडला.

"मिस्टर काय करतात?"

"बँकेत असतात."

"बरं. ओरिजिनल्स दाखवा."

मी सह्याशिक्क्यांच्या नकला पुढे केल्या.

"ह्या नकला आहेत. ओरिजिनल्स कुठे?"

"घरी आहेत."

"मग उद्या आणा. घाटकोपर काय लांब आहे?"

"उद्या नाही आणता येणार, बाई."

"परवा?"

वर्ग हातातोंडाशी आला होता आणि पहिल्या थापेला जोडायला दुसरी थाप सुचत नव्हती. डोळे भरून आले. शेवटी बोलून गेले, "बाई, ती ट्रंकेत आहेत. सातव्या. बाकीच्या सहा उघडल्यात."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग उठल्या, कोपऱ्यात गेल्या, चादरीची एक सुरकुती काढली, फुलदाणी सरळ केली.

"आठवी ब," त्या म्हणाल्या. "सोमवारी सात वाजता हजर व्हा. आणि एप्रिलच्या आत ओरिजिनल्स आणलीत तर याद राखा!"