लिमिटअण्णा आणि आतलं मशीन

शिवाजी पेठेत लिमिटअण्णांचा पत्ता विचारला की कुणीही सायबर कॅफेचा जिना दाखवायचं. खरं नाव घरच्यांना आणि रेशनकार्डाला तेवढं ठाऊक. माणूस गडहिंग्लजकडचा. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्हीकडं आवाज सारखाच मोठा. कुठलीही गोष्ट बेताबाहेर गेलेली त्यांना खपत नसे. बासुंदीच्या पंगतीत वाढप्याचा हात धरून "बास की! फुडच्या पंगतीला ऱ्हाऊ दे," म्हणणारा हा एकच इसम मी पाहिला. शेजारच्या पानावर मी होतो आणि माझीही वाटी त्यामुळं अर्धीच भरली, हे मी अजून विसरलेलो नाही.

नव्वदच्या सुमारास अण्णा टीव्ही दुरुस्त करायचे. तो धंदा बसला तशी त्यांनी हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली आणि कॅफे काढला. खाली माझं झेरॉक्सचं दुकान, वर त्यांचा हॉल. हॉलमध्ये आठ मशीन आणि आत पडद्यामागं एक. इंटरनेटची लाईन मात्र सगळ्यांत मिळून एकच, तीही करंगळीएवढी. एका पोरानं गाणं उतरवायला घेतलं की बाकीचे छताकडं बघत बसायचे.

त्यावर तोड म्हणून अण्णांनी एक जुना कॉम्प्युटर मध्ये बसवला. त्याला ते फायरवॉल म्हणायचे. त्याला तीन कार्डं होती. एकात बाहेरची लाईन यायची, दुसऱ्यातून ती हॉलला जायची आणि तिसऱ्यातून आतल्या मशीनला. हॉलच्या कार्डाला लिमिट घालायचं, म्हणजे हॉलमध्ये कितीही धिंगाणा झाला तरी आतल्या मशीनचा वाटा शिल्लक राहतो, असा हिशेब. पहिल्या खेपेला अण्णासाहेबांनी ते लिमिट बाहेरच्या कार्डाला घातलं. झालं! कार्डातून पुढं जाईल तेवढ्यालाच लिमिट लागतं, त्यामुळं गाणी धो धो उतरत राहिली आणि ई-मेल मात्र कुणाचं बाहेर जाईना. लाईनवाल्याला पोटभर शिव्या घालून झाल्यावर स्वतःची चूक सापडली. तेव्हा मला खाली येऊन म्हणाले, "कुणाला बोलू नका बरं का." मी अर्थातच संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला सांगितलं.

आतलं मशीन बोलणाऱ्यांसाठी होतं. ज्यांची माणसं आखातात कामाला गेली, त्यांनी तिथं बसायचं, कॅमेऱ्यात बघायचं, बोलायचं. पलीकडच्या गल्लीतल्या हलिमाचाची शुक्रवारी डोक्यावर पदर नीट घेऊन लेकासमोर बसायच्या. हॉलमधली पोरं कुरकुरली की अण्णा ओरडायचे, "तुमचं गाणं उद्या बी उतरंल. तिचं पोरगं आत्ताच तेवढं बसलंय तिथं!"

आणि हाच माणूस स्वतःच्या लेकीशी बोलत नव्हता. गौरी त्यांची एकुलती एक. लग्नाआधी कॅफेचं काउंटर तीच सांभाळायची. तिनं जातीबाहेर लग्न केलं आणि नवऱ्याबरोबर कुवेतला गेली. अण्णांनी सांगून टाकलं, "मला लेक न्हाय." वहिनी, म्हणजे अण्णांच्या घरच्या, भिंतीकडं तोंड करून रडायच्या. मला राहवलं नाही. म्हटलं, "अण्णा, जगाच्या लेकरांना वाटा राखता, घरच्या पोरीला का नाही?" त्यावर उत्तर काय, तर "तुमी झेरॉक्स काढा."

दोन वर्षं अशीच गेली. मग मैत्रिणीकरवी गौरीचा निरोप आला. अमुक दिवशी दुपारी एक वाजता ती ऑनलाइन येणार होती. वडिलांना ती अप्पा म्हणायची. अप्पा समोर बसले तर बसले, नाहीतर पुन्हा कधी विचारणार नाही, असं तिनं निक्षून सांगितलं होतं. अण्णा त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले. आणि नेमका त्याच दिवशी, त्याच वेळी बारावीचा निकाल!

जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. एक वाजता अण्णा पडद्यामागं बसले. मी सोबतीला. गौरी दिसली, जरा वाळलेली. "अप्पा," म्हणाली. तेवढ्यात हॉलमध्ये गलका वाढला. निकालाचं पान उघडेना. गगनबावड्याहून आलेली एक बाई पडद्याशी येऊन रडकुंडीला आली. "दादा, माझी यष्टी जाईल ओ. पोरीचा नंबर तेवढा बघा की."

अण्णा उठले. फायरवॉलपाशी जाऊन त्यांनी हॉलचं लिमिट काढून टाकलं. इकडं गौरीचं चित्र गोठलं, आवाज बंद.

मी भडकलो. "येड लागलंय का तुम्हाला! तिला वाटेल, तुम्हीच तोडलंत. गेली ती आता कायमची!"

"गलका ऐकलाय तिनं. तिला ठाव हाय निकालाचा दिवस, काउंटरला तीच असायची की," अण्णा म्हणाले. परत येऊन ते त्या गोठलेल्या चित्रासमोर बसून राहिले. मी देवाचं नाव घेत होतो, खोटं कशाला सांगू. हॉलमध्ये एकेक पान उघडू लागलं. कुणी ओरडलं, कुणी हुंदका दिला. गगनबावड्याची बाई "पास झाली वं!" म्हणत जिना उतरली. गर्दी ओसरली तेव्हा अण्णांनी लिमिट परत घातलं आणि धावत येऊन खुर्चीत बसले.

चित्र हललं. गौरी तिथंच होती.

"अप्पा," ती म्हणाली, "किती जण पास झाले?"

अण्णा सगळ्या हॉलला ऐकू जाईल असे ओरडले, "माझं चुकलं गं! घरला ये! त्याला बी घेऊन ये!" आणि टेबलावर डोकं टेकून रडायला लागले. वहिनींना बोलवायला मी जिन्यावरून कसा उतरलो ते मला आठवत नाही.

गणपतीला दोघं आली. पुढं घरोघरी नेट झालं आणि कॅफे बंद पडला. अण्णांना त्याचं फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. ते आता नातवाला ओरडण्यात गुंतले होते. त्यानंतरचं दशक सरता सरता अण्णा आजारपणात गेले. त्या वेळी गौरी उशाशी होती, आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर त्यांचा जावई माझ्यापेक्षाही मोठ्यानं रडत होता.