माजी सल्लागारांची साक्ष

नोव्हेंबरमधला दुसरा मंगळवार, सकाळचे साडेनऊ, दुबईतलं ऊद मेथा. हजर: चौथ्या मजल्यावरचे काका, त्यांची सून, दुसऱ्या मजल्यावरच्या रेहानाभाभी आणि मी. गैरहजर: काकांचा मुलगा, ऑफिसच्या कामासाठी अबू धाबीला. एवढं माझ्या वहीत त्याच दिवशी लिहिलेलं आहे. पुढचं पान महिनाभर कोरं राहिलं, आणि माझ्या वहीत पान कोरं राहणं ही साधी गोष्ट नाही. ते आज भरायला घेतलं आहे. पण त्याआधी काका कोण ते सांगायला हवं, आणि तिथेच पंचाईत आहे, कारण जगात आजवर जन्मलेल्या माणसांत स्वतःबद्दल इतकं कमी सांगणारा माणूस दुसरा झाला नसेल.

काका तिकडे महाराष्ट्रात एका मंत्र्यांचे सल्लागार होते. काकू गेल्यावर मुलाकडे राहायला आले. ही दोन वाक्यं जमवायला मला दीड वर्ष लागलं, आणि तीही सुनेकडून मिळाली. काकांना लिफ्टमध्ये विचारलं, "कुठे निघालात?" तर ते म्हणणार, "खाली." लिफ्ट खालीच चाललेली असते, त्यामुळे त्यांना खोटं पाडता येत नाही. टॅक्सीत बसले की ड्रायव्हरला ठिकाण सांगत नाहीत, "आधी सरळ चला" म्हणतात. एकदा एका पेशावरी ड्रायव्हरने बराच वेळ सरळ नेलं आणि मग आरशात बघून म्हणाला, "चाचा, सीधे तो अबू धाबी आता है." तेव्हा मीटर पंचेचाळीस दिरहॅमवर होतं, म्हणजे हजार-अकराशे रुपये, आणि काकांना जायचं होतं इथेच शेजारी, बर दुबईला चष्म्याच्या दुकानात. गुडघा दुखायला लागला तेव्हा सून त्यांना क्लिनिकमध्ये घेऊन गेली. मल्याळी डॉक्टरांनी विचारलं, "अंकल, दर्द किधर है?" काका म्हणाले, "अभी इस पर कुछ कहना उचित नहीं होगा." हे सुनेने मला सांगितलं तेव्हा मी हसले नाही. मला खरोखरच धक्का बसला होता. स्वतःच्या गुडघ्याचीही गुप्तता पाळणारा माणूस मी प्रथमच पाहत होते.

आमच्या मराठी मंडळाच्या रांगोळी स्पर्धेला मी त्यांना परीक्षक नेमलं, ही माझी चूक. त्यांनी दोन तास सगळ्या रांगोळ्या वाकून वाकून पाहिल्या, निकाल लिहिला, लिफाफा बंद केला, त्यावर सही करून सही चिकटपट्टीने झाकली आणि अध्यक्षांच्या हातात देऊन घरी गेले. अध्यक्षांनी तो लिफाफा हरवला. मी काकांकडे गेले, म्हटलं, "काका, पहिला नंबर कुणाचा ते तेवढं तोंडी सांगा." काका शांतपणे म्हणाले, "माझं मत मी दिलेलं आहे. सल्ला एकदा दिला की तो देणाऱ्याचा राहत नाही, घेणाऱ्याचा होतो. तुम्ही अध्यक्षांना विचारा." बक्षिसाचा मिक्सर अजून मंडळाच्या कपाटात आहे. पहिला नंबर आपलाच असणार असं मानणाऱ्या सहा बायका आहेत, आणि सहाही जणी काकांना आदराने नमस्कार करतात.

रविवारी आमच्याकडे जेवण असतं. पूर्वी शुक्रवारी असायचं, इथल्या सरकारने सुट्टीचा वार बदलला तसं जेवणही सरकलं. कोण काय आणणार याची यादी मी ग्रुपवर टाकते. बाकीचे होकाराचा अंगठा टाकतात, काका लिहितात, "पाहिले." खाली आद्याक्षरं आणि दिनांक. येणार की नाही, हे त्यातून कळत नाही. पण बरोबर एक वाजता ते दारात उभे असतात, कारण माशांचं कालवण रेहानाभाभींचं असतं.

भाभी रत्नागिरीकडच्या, अगदी किनाऱ्यावरच्या गावातल्या. त्यांचे मियाँ फुजैराला बंदरात नोकरीला आहेत, शनिवार-रविवार घरी येतात. भाभींचा आवाज मोठा, हात सढळ, आणि बोलता बोलता विषय गावच्या धक्क्यावर येणार हे ठरलेलं. सरकारने त्यांच्या गावात होड्यांसाठी धक्का बांधला, तो नेमका चुकीच्या जागी. दोन पावसाळ्यांत पुढ्यात गाळ भरला. ओहोटीला होड्या लांब चिखलात अडकतात आणि बायका डोक्यावर टोपल्या घेऊन गुडघाभर चिखलातून येतात. भावजय अशीच घसरली, मनगट मोडलं, ते वाकडंच बसलं. भावाने शेवटी होडी विकली आणि आता तो दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जातो. "माझा भाऊ ओरडून सांगत होता, इथे वाळू येते, इथे नको," भाभी वाढता वाढता म्हणायच्या. "पण एसीत बसलेल्या कुठल्यातरी सल्लागाराने नकाशावर बोट ठेवलं, खलास. त्या माणसाच्या घशाखाली मासा उतरू नये, एवढंच मागते मी अल्लाकडे." असं त्या म्हणाल्या की काका ताट पुढे करून म्हणायचे, "थोडं कालवण." मला वाटायचं, म्हाताऱ्याचं लक्ष नाही.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी काका वही-पेनासकट माझ्याकडे आले. फोनवर एक पत्र आलं होतं, ते छापून हवं होतं. "वाचू नका, फक्त छापा," म्हणाले, आणि प्रिंटरमधून कागद बाहेर यायला लागला तसा त्यावर हात ठेवून उभे राहिले. पण वेळ आणि लिंक लिहून घ्यायला मला पत्र बघावंच लागलं. विधिमंडळाच्या एका समितीने काकांना ऑनलाइन साक्षीला बोलावलं होतं. विषय होता धक्का. गावाचं नाव मी दोनदा वाचलं. मग काकांकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"काका," मी म्हटलं, "हे भाभींचं गाव."

"हो."

"तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"पहिल्या रविवारपासून," काका म्हणाले. तीन वर्षांत माझ्या प्रश्नाला त्यांनी दिलेलं हे पहिलं सरळ उत्तर. मी खुर्चीत बसले. हा माणूस दर रविवारी स्वतःच्या नावाने शाप ऐकत होता आणि वर कालवण मागत होता.

त्यानंतर आठवडाभर पत्रं येत राहिली. माजी मंत्र्यांनी कळवलं की त्या वेळची चर्चा गोपनीय होती, सबब आपण एका शब्दाचंही उत्तर देऊ नये. सध्याच्या सरकारने कळवलं की गोपनीयता सरकारची असते, मंत्र्यांची नव्हे, आणि सरकारची हरकत नाही, सबब सगळं सांगावं. समितीने कळवलं की दोघांचं काहीही असो, समितीसमोर न बोलणं हा सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग आहे. गुपित एक आणि त्याला मालक तीन. मी वहीत तीन रकाने आखले, प्रत्येकाच्या खाली फायदे-तोटे लिहिले आणि काकांना दाखवले. मंत्र्यांचा रकाना सगळ्यात भक्कम दिसत होता. "गप्प बसा," मी स्पष्ट सांगितलं. "कायद्याने गप्प बसता येत असेल तर बसा. तुम्हाला सवयही आहे. भाभींना कळायची गरज नाही."

काका म्हणाले, "सल्ला गुप्त राहिला पाहिजे, हे माझं आजही मत आहे. उद्या प्रत्येक सल्ला चव्हाट्यावर येणार असेल, तर सल्लागार मंत्र्याला सल्ला देणार नाही, चव्हाट्याला देईल." मला ते पटलं. वाटलं, चला, मिटलं. मग ते म्हणाले, "मदतीला तीन माणसं बसवायची परवानगी आहे. सून, तुम्ही, आणि रेहानाभाभी. नावं लिहा."

पहिली दोन मी लिहिली, तिसरं लिहिलं नाही. माझी मुलगी सोफ्यावरून म्हणाली, "मम्मा, काका आस्क्ड यू समथिंग." शेवटी मी भाभींचं नाव लिहिलं, आणि त्यांना एवढंच सांगितलं की काकांची एक ऑनलाइन मीटिंग आहे, तुम्ही सोबत असलात तर त्यांना बरं वाटेल.

साक्षीच्या आधी जोडणीची चाचणी होती. समितीचे कारकून फोनवर म्हणाले, "मॅडम, व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ लावा ना, सोपं पडतं." मी सांगितलं, इथे त्यावर व्हिडिओ लागत नाही. "दुबईत नाही लागत?" त्यांचा आवाज खाली आला. त्या क्षणापर्यंत त्यांच्या मनात दुबईबद्दल जे काही होतं ते ढासळलेलं मला इथे ऐकू आलं.

तर मंगळवार, साडेनऊ, तिकडचे अकरा. काकांनी पांढरा शर्ट घातला होता. समितीप्रमुखांनी विचारलं, खोलीत कोण आहे. काकांनी आमची नावं सांगितली आणि भाभींच्या नावापुढे त्यांच्या गावाचं नाव जोडलं. पडद्यावरच्या एका सदस्याने मान वर केली. भाभींनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत पाहिलं.

"त्या जागेबद्दल मंत्र्यांनी तुम्हाला काय सांगितलं होतं?" समितीप्रमुखांनी विचारलं.

"मंत्री काय म्हणाले ते मी सांगणार नाही."

"हा सभागृहाचा अवमान होईल."

"समितीने तशी नोंद करावी. त्यांचं बोलणं त्यांचं आहे, ते उघड करायचा मला अधिकार नाही." इथपर्यंत सगळं काकांसारखं होतं. सुनेने सुस्कारा सोडला. मग काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी काय म्हणालो ते मात्र सांगतो. ते माझं आहे. धक्क्यासाठी दोन जागा होत्या. ही जागा मी सुचवली. रस्ता जवळ होता आणि नकाशावर पाणी खोल दिसत होतं. गावातल्या लोकांचा विरोधाचा अर्ज फाइलमध्ये होता. मी त्यावर 'पाहिले' असं लिहिलं. पाहिला नव्हता."

समितीप्रमुखांनी विचारलं, "आपण जागेवर गेला होतात?"

"नाही. भेट ठरली होती. त्या दिवशी दुसरी बैठक होती, म्हणून मी रद्द केली. यात मंत्र्यांचा, इंजिनिअरचा किंवा कारकुनाचा दोष आहे का, ते समितीने शोधावं. माझा आहे, एवढं मला माहीत आहे."

ज्या माणसाने डॉक्टरांना गुडघा दाखवला नाही, त्याने हे सगळं एका दमात सांगितलं. समितीने पुन्हा दोनदा मंत्र्यांबद्दल विचारलं, काका दोनदा नाही म्हणाले, आणि विशेषाधिकाराचा मुद्दा राखून ठेवतो असं सांगून समितीने जोडणी तोडली. पडदा काळा झाला, तरी काका त्याच्याकडेच बघत बसले होते.

भाभी म्हणाल्या, "साहेब येणार म्हणून माझा भाऊ सकाळपासून तिथे उभा होता. धुतलेला शर्ट घालून. त्या दिवशी त्याने होडी बाहेर काढली नाही."

काका म्हणाले, "मला माहीत नव्हतं."

"कसं असेल." भाभींचा आवाज इतका लहान असू शकतो हे मला माहीत नव्हतं. त्या उठल्या आणि जिन्याने खाली गेल्या.

त्या रविवारची यादी टाकायची की नाही, या विचारात मी शनिवार घालवला. शेवटी टाकली. काकांचं "पाहिले" आलं नाही. एक वाजता भाभी कालवणाचं पातेलं घेऊन आल्या. ताटं मांडताना मोजली आणि म्हणाल्या, "एक कमी आहे." मी वर गेले. काका तयार होऊन दाराशीच बसले होते. जेवताना भाभींनी सगळ्यांना वाढलं, काकांनाही वाढलं. काकांनी कालवण मागितलं नाही. पान उचलताना भाभी त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "आधी जाऊन बघून या. मग माझ्याशी बोला."

काका लगेच म्हणाले, "ओहोटी पूर्ण कधी असते? त्याच वेळी बघायला हवं." मग म्हणाले, "पण तुमच्या भावाची हरकत नसेल तरच. त्याने यायला सांगितलं तर येईन. त्या चिखलात मी आपण होऊन जाऊन उभा राहणं बरं नाही."

"मी नाही विचारणार," भाभी म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "या लिहितात ना सगळं? यांनी विचारावं."

म्हणून ते काम माझ्याकडे आहे. भावाचा नंबर भाभींनी स्वतःच्या हाताने वहीत लिहून दिला. ट्रॉलर कधी किनाऱ्याला लागतो ते मी विचारून घेतलं आहे. दुपारी दोनला भाऊ घरी जेवायला असतो, म्हणजे इथले साडेबारा. काय बोलायचं तेही लिहून काढलं आहे: मी कोण, फोन कशासाठी, आमच्याकडे एक गृहस्थ आहेत. तिसऱ्या मुद्द्यापुढे माझं पेन जात नाही. काका रोज एकदा खाली येतात, दारात उभे राहतात आणि काही विचारत नाहीत. पूर्वी त्यांच्या न बोलण्याने मला हसू यायचं. आता मीच म्हणते, "उद्या करते, काका." ते मान हलवतात आणि लिफ्ट सोडून जिन्याने, त्या दुखऱ्या गुडघ्याने, एकेक पायरी वर जातात.

इथले साडेबारा रोज वाजतात. फोन अजून केलेला नाही.