ठसका लागणारा खेळ

आमच्या खोलीतले खोके एक दिवस विकून संपतील, पण किस्से काही संपायचे नाहीत. एक सांगायला घ्यावा तर त्याच्या मागून दुसरा येऊन उभाच! परवा एका लग्नात शेजारच्या गृहस्थांनी सहज विचारलं, "सध्या काय करता?" मी सांगत बसले आणि बिचाऱ्यांचं आइस्क्रीम वाटीतच वितळून गेलं.

तर आधी धंदा समजून घ्या. मी शीतल. मी आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र निखिल, आम्ही दोघांनी मिळून एक खेळ बनवला, 'राखेचं राज्य'. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले शूरवीर होतात. "मी दरवाजा तोडतो" असं नुसतं तोंडानं म्हणायचं आणि फासा टाकायचा. दरवाजा तुटला की आपलाच खांदा निखळला, ते फासा ठरवतो. लिखाण निखिलचं, चित्रं आणि नकाशे माझे. राज्य राखेचंच काहून? कारण मी कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत वाढले. दोरीवर वाळत घातलेला माझा एकही पांढरा फ्रॉक पांढरा राहिला नाही. तेवढं संशोधन पुरलं.

छापून आलेले खोके ठेवले नागपुरात नंदनवनला, निखिलच्या घरच्या मागच्या खोलीत. ती खोली म्हणजे त्याच्या बाबांचं मिरचीचं गोदाम. काका भिवापूरच्या मिरचीचे व्यापारी. पोत्यांच्या मधात आमचे खोके पाहून त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "नवा माल येईपर्यंत ठेवा. तोवर खोली खाली नाही झाली, तं सारं रद्दीत!"

काका बोलतात ते करतात. निखिलनं तर या खेळापायी नोकरी सोडलेली. खोके रद्दीत गेले की निखिल दुकानात, मिरचीची पोती उतरवायला. त्यामुळे आमचा जीव रोज टांगणीला.

सुरुवातीला फक्त नातेवाइकांनी घेतले. निखिलच्या आत्यानं खोका उघडला, फासे तळहातावर घेऊन निरखले आणि विचारलं, "यातलं खायचं कोणतं हाये?"

* * *

मग पुण्याच्या एका मुलानं खोका उघडतानाचा व्हिडिओ टाकला. पठ्ठ्याचे चाहते भरपूर, म्हणून आम्ही दोघं श्वास रोखून बघतोय. त्यानं झाकण उचललं, आत डोकावला, आणि जो शिंकायला लागला! शिंक थांबेचना. नाक लाल, डोळ्यांतून धारा, आणि मागून त्याच्या आईचा आवाज, "अरे, काय झालं?"

मिरचीच्या खोलीत राहून खोक्यांत तिखटाचा खकाणा शिरला होता.

"संपलो आपण," निखिल म्हणाला आणि जमिनीवरच बसला.

संध्याकाळी भीतभीत खेळणाऱ्यांचा ऑनलाइन ग्रुप उघडला. तिथे भलतंच! "राखेच्या राज्यात शिरताना खरोखर श्वास कोंडतो. किती बारीक विचार केलाय!" त्याच्याखाली दुसरा, "मीही मागवतोय. शिंक नक्की येते ना?" ऑर्डरी अशा आल्या की पॅकिंगचा टेप संपला.

निखिल माझ्याकडे बघून म्हणतो, "शीतल, एवढा विचार आपून कधी केला वं?"

* * *

थोडे खोके माझ्या घरी होते. त्यातला एक नाशिकला गेला आणि तक्रार आली. "खोका उघडला. घरातल्या सगळ्यांनी वास घेतला. आजोबांनीही घेतला. कोणालाच शिंक नाही. माल डुप्लिकेट आहे!"

झालं, ग्रुपवर वणवा पेटला. खरा खोका कसा ओळखावा याचे सल्ले सुरू झाले. कोणी म्हणे दोन शिंका आल्या तर खरा, कोणी म्हणे डोळ्यांत पाणीही पाहिजे. विक्री ठप्प! शेवटी माझ्या घरचे सगळे खोके ऑटोत घालून आम्ही नंदनवनला नेले. दारात काका उभे.

"न्यायले सांगितलं, तं आणून राहिले! काहून गा?"

"मुरायले ठेवतो, बाबा," निखिल म्हणाला.

"लोणचं हाये का ते?"

* * *

आता रेड्याचं प्रकरण. नियमांच्या पुस्तकात एक रेडा आहे, साधा गाडी ओढणारा. त्याची ताकद छापायची होती दहा, छापली गेली शंभर. राजाची साठ! ग्रुपवरच्या पोरांनी हे बरोबर हेरलं. सगळ्यांनी तलवारी विकून रेडे घेतले. राक्षस आला, सोड रेडा. किल्ला आला, सोड रेडा. आम्ही सज्जनपणे लिहिलं, "छपाईची चूक आहे, शंभरऐवजी दहा धरावे."

माय वं! काय ते लोक खवळले! ग्रुपची अ‍ॅडमिन रेणू, नागपुरातच एका बँकेत कॅशियर, एरवी बोलायला अगदी गोड. तिनं जाहीर केलं, "रेड्याचा अपमान झालेला आहे. माफी येईपर्यंत कोणीही खोका घेऊ नये." आणि खरंच कोणी घेतला नाही हो! अख्खा आठवडा कोरडा.

निखिलनं लिहिलं, "आपणा सर्वांची माफी मागतो."

रेणूचं उत्तर, "आमची नाही. त्याची."

मग "आदरणीय रेडामहाराज" अशी सुरुवात करून रीतसर माफीनामा लिहिला. दुपारपासून ऑर्डरी सुरू! वर मागणी आली, रेड्याचं चित्र वेगळं विकत पाहिजे. मी चित्रकलेत सुवर्णपदक मिळवलेली बाई आहे. आजवर माझं सगळ्यात खपलेलं चित्र कोणतं, ते सांगायची मला लाज वाटते.

* * *

एकदा वर्ध्याच्या एका मुलानं आम्हाला एकच स्टार दिला. कारण लिहिलं होतं, "खेळ छान आहे. पण मला मित्र नाहीत."

मला तर वाचून रडूच आलं. ग्रुपलाही आलं असावं, कारण त्याच रविवारी तिघं जण त्याच्या घरी पोचले. पुढच्या रविवारी आणखी आले. येताना जो तो आपला नवा खोका घेऊन यायचा, म्हणजे एका स्टारनं आमचे जेवढे खोके विकले तेवढे पाच स्टारांनी कधी विकले नाहीत.

महिन्याभरानं त्यानं पुन्हा लिहिलं. आम्ही मोठ्या आशेनं उघडलं. स्टार एकच! "आता हे लोक घरी जातच नाहीत. आई पोळ्या करून थकली."

* * *

खेळात एक घाट आहे आणि घाटाच्या तोंडाशी ठसकेराव नावाचा व्यापारी बसतो. त्याच्याशी सौदा जमला तरच वाट मिळते. हे पात्र निखिलनं अर्ध्या तासात लिहिलं, कारण त्यात डोकं चालवावंच लागलं नाही. बाबा फोनवर जे बोलत होते ते तो उतरवत गेला.

ग्रुप ठसकेरावावर फिदा! नुसता त्याच्यासाठी लोक खोका मागवायचे, त्याची वाक्यं एकमेकांना पाठवायचे. ती फिरत फिरत मिरची व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर पोचली. सकाळी सकाळी गुलाबाचं फूल, आणि खाली लिहिलेलं, "भाव ऐकून आधी खाली बसा, मंग बोलू."

काकांचा घास हातातच राहिला. "हे तं मी म्हणतो!"

निखिल ताट घेऊन उठला. "सारेच म्हणतात, बाबा."

* * *

आणि मग नवा माल आला. मिरचीचा ट्रक दारात, आणि खोलीत अजून भिंतभर खोके. निखिलनं आदल्या दिवशी ग्रुपवर एवढंच लिहिलं होतं, "उद्या सगळं रद्दीत." चेहरा असा झाला होता त्याचा, की मला त्याच्याकडे बघवेना.

सकाळी रेणू आणि ग्रुपवरचे सात-आठ जण दारात हजर.

"विकत घ्यायला आलात?" मी आशेनं विचारलं.

"आमच्याकडे दोन-दोन आहेत," रेणू म्हणाली. "खोक्यांना निरोप द्यायला आलो."

आणि बसले की पोत्यांवर खेळायला! रद्दीवाला हातगाडी लावून उभा होता. काका त्याला म्हणाले, "थांब पाच मिनिटं. पोट्टे उठतील आता."

पोट्टे कसचे उठतात! गोष्ट घाटापाशी आली. सांगणारा निखिल, आणि बाबा दोन हातांच्या अंतरावर बसलेले. ठसकेरावाची वाक्यं त्याला वाचवेनात. रेणूला यातलं काय ठाऊक? ती म्हणाली, "काका, तुम्ही व्हा ना व्यापारी. कागदावर आहे तेवढंच वाचायचं."

काकांनी चष्मा लावला. पान वाचलं. परत वरून वाचलं. 

"हे तू लिहिलं?"

"हो, बाबा."

"अर्धंच लिहिलं," काका म्हणाले. पान बाजूला ठेवलं आणि पोत्यावर मांडी घातली. "हं, बोला. काय आणलं?"

"ही तलवार घ्या आणि घाट सोडा," एक मुलगा म्हणाला.

"गंजली हाये."

"काका, जादूची आहे!"

"जादू घरी दाखवा. धार दाखवा."

तलवार गेली. मग एकेक करून तीन घोडे गेले. रोज बँकेत नोटा मोजणारी रेणू, तिच्या डोक्यावरचा राजमुकुट गेला आणि वर तीच म्हणतेय, "काका, काहीतरी कमी करा ना!" काकांनी सगळ्यांना चहा सांगितला, पण घाट काही सोडला नाही. बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून कंटाळला.

शेवटी रद्दीवाल्यानं दारातून विचारलं, "मालक, खोके उचलू का?"

"काहून उचलतो?" काकांनी मान वर न करता सांगितलं. "हे तीन घोडे घेतले न मी आत्ता. बांधू कुठं? खोली लागते मले. त्या ट्रकवाल्याले सांग, मिरची समोरच्या हॉलमधे उतरव म्हणा."

रद्दीवाल्यानं वाकून खोलीत पाहिलं. या कोपऱ्यात पाहिलं, त्या कोपऱ्यात पाहिलं. मग चपला काढून आत आला, काकांच्या समोरच्या पोत्यावर बसला आणि हळूच म्हणाला, "तिन्ही संगं घेतले, तं काय भाव लावता?"