अकरा दिवसांच्या काचा

अंबादास ओव्हाळला संगणकाचं काही येत नाही, असं लॅबमधले काही लोक म्हणत. खोटं आहे. कॉलेजात शिकला नव्हता, एवढंच. चोवीस वर्षांपूर्वी अंधेरीच्या त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये तो शिपाई म्हणून लागला, आणि त्याचं काम होतं काचा वाहायचं. रोग्याच्या गाठीचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काचेवर बसवतात, रंगवतात, आणि डॉक्टर तो सूक्ष्मदर्शकाखाली बघून कॅन्सर आहे की नाही ते सांगतात. अशा काचांचे ट्रे दुसऱ्या मजल्यावरून चौथ्यावर न्यायचे.

पुढे काचांचे फोटो काढणारं यंत्र आलं. डॉक्टर पडद्यावर बघू लागले, काचा तळमजल्यावरच्या कपाटात जाऊ लागल्या. ओव्हाळ आता घाटकोपरला घरी बसणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. पण त्याला एक खोड होती. यंत्राने पडद्यावर काही लिहिलं की बाकीचे ‘ओके’ दाबून मोकळे व्हायचे, हा वाचायचा. शब्द अडला की वहीत उतरवून घरी मुलीला, चेतनाला, विचारायचा. असं करत करत पन्नाशीच्या आत सर्व्हरची खोली त्याच्या ताब्यात आली. पदवीवाले दोघे मधल्या काळात सोडून गेले, हेही खरं.

यंदा मार्चमध्ये फाइली मध्येच तुटायला लागल्या.

एका काचेचा फोटो आख्ख्या सिनेमाएवढा मोठा. तो साठवणीच्या मशीनकडून वाचणाऱ्या मशीनकडे झटपट जावा म्हणून एक सोय असते. वाचणारं मशीन आपल्या मेमरीतल्या एका खोलीची किल्ली साठवणीच्या मशीनला देतं, आणि ते परस्पर आत शिरून माल ठेवून जातं. बेल वाजवायची नाही, कोणाला उठवायचं नाही. काम झालं की कुलूप बदलायचं. पण आता साठवणीचं मशीन किल्ली घेऊन पोचेपर्यंत कुलूप आधीच बदललेलं असायचं. मग ‘रिमोट ॲक्सेस एरर’, आणि कॉपी बंद.

मशीन पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर देवव्रत आला. हुशार मुलगा, घाई मात्र फार.

“सोपं आहे, काका. प्रत्येक खोलीला वेगळं कुलूप कशाला? सगळ्या मेमरीची एकच मास्टर किल्ली देऊन टाकतो.”

“पण माल उशिरा का पोचतोय?”

“ते बघू ना नंतर. वरती डॉक्टर लोक बोंब मारतायत!”

बदलाच्या फॉर्मवर अंबादासची सही लागत होती. त्याने ती केली. त्या दुपारपासून एकही एरर नाही, वर वेगही वाढला. लॅबच्या मालकीण डॉ. वनमाला सामंत यांनी पेढे मागवले. अंबादासनेही खाल्ला.

पण तो नोंदी वाचायचा थांबला नाही. एरर गेल्या होत्या. ‘वेळ संपली’ अशा नोंदी मात्र रोज सहा-सात, पूर्वीइतक्याच. म्हणजे माल अजून उशिराच निघतोय. मग तो जातो कुठे? अकरा दिवस हा प्रश्न त्याच्या डोक्यात होता आणि उत्तर सुचत नव्हतं. देवव्रतला फोन केला तर तो म्हणाला, “एरर नाही तर प्रॉब्लेम नाही, काका.”

अकराव्या दिवशी काप करणाऱ्या शकुताईंनी त्याला हाक मारली, एक ट्रे जरा इकडे द्या म्हणून. त्या खात्यात जुना नियम आहे. घेणाऱ्याने तोंडाने ‘घेतला’ म्हणायचं, मगच देणाऱ्याने हात काढायचा. काचा फुटल्या तर रोग्याची दुसरी गाठ कुठून आणणार?

“सोडा की आता, ओव्हाळ.”

“घेतला म्हणालात का?”

“घेतला हो, घेतला! चोवीस वर्षं झाली, अजून मेला तोच हट्ट.”

अंबादासचा हात ट्रेवर तसाच राहिला. शकुताईंना वाटलं, याला चक्कर आली.

वाचणारं मशीन समोरून ‘घेतला’सारखं उत्तर यायची वाटच बघत नव्हतं. ठरावीक वेळ थांबायचं, आणि ती संपली की ती खोली दुसऱ्या फाइलला देऊन टाकायचं. आधी उशिरा आलेल्या मालाला कुलूप बदललेलं दिसायचं आणि तो ओरडायचा. ती ओरड म्हणजेच एरर. आता मास्टर किल्लीने दार उघडत होतं. माल निमूट आत ठेवला जात होता, दुसऱ्याच कोणाच्या खोलीत.

त्याने ‘वेळ संपली’ नोंदींच्या आसपास उघडलेल्या फोटोंची यादी काढली, कपाटातून त्यांच्या काचा आणल्या आणि फोटोशेजारी ठेवून बघू लागला. पहिल्या आठ ठीक निघाल्या. नववी चारकोपच्या एका बाईंची, वय एकेचाळीस, स्तनातली गाठ. काचेवर कापाच्या कडेला घडी पडली होती. फोटोत घडी नव्हती. त्या जागी बोटभर पट्टा दुसऱ्याच कोणाच्या गाठीचा होता. अवयव तोच, रंग तोच, म्हणून जोड कोणाच्या डोळ्यांना दिसला नव्हता. रिपोर्ट गेला होता: साधी गाठ, काळजीचं कारण नाही.

वनमालाबाईंच्या केबिनमध्ये देवव्रतला बोलावून घेतलं.

“एक फाइल, मॅडम. एका फाइलवरून सगळी सिस्टीम—” देवव्रत म्हणाला.

“अकरा दिवसांत काचा किती?” बाईंनी अंबादासला विचारलं.

“दोन हजार तीनशे. उशिराच्या नोंदी एकाहत्तर.”

“मग एकाहत्तर पुन्हा बघू.”

“नाही चालणार, मॅडम. नोंद होते ती ज्याला माल मिळाला नाही त्याची. ज्याच्या खोलीत तो पडला त्याची नोंदच नाही. सगळ्या बघाव्या लागतील, काचेवरून.”

“रिपोर्ट घरोघरी गेलेत, अंबादास. दोन हजार लोकांना फोन करून काय सांगू? आम्ही बहुतेक चुकलोय?”

“हो.”

“चाळीस वर्षांचं नाव आहे या लॅबचं.”

“त्या फॉर्मवर सही माझी आहे, मॅडम. तसं लिहून देतो. पण फोन करा.”

बाईंनी ती काच सूक्ष्मदर्शकाखाली घातली आणि घडीच्या जागी बराच वेळ बघत राहिल्या. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“ती किल्ली काढ, देवव्रत. आत्ता, माझ्यासमोर.”

चार डॉक्टर सहा दिवस काचा वाचत होते. तिकडे अंबादास आणि देवव्रतने एकेका खोलीचं कुलूप परत लावलं आणि मशीनला थांबायला लावलं: समोरून ‘पोचलं’ असं उत्तर आल्याशिवाय खोली कोणाला द्यायची नाही. लगेच नाही जमलं. तीनदा सगळं बंद पडलं, देवव्रत रडकुंडीला आला. चौथ्यांदा टिकलं. खराब फोटो एकोणीस निघाले. सतरा जणांचे रिपोर्ट तसेच राहिले. दोन बदलले, त्यातला एक चारकोपचा.

चारकोपच्या बाई नवऱ्याबरोबर आल्या. वनमालाबाईंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. अंबादास दाराशी उभा होता. थांबायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

“मधे दोन आठवडे गेले,” बाई म्हणाल्या. “तेवढ्यात वाढलं असेल?”

“बहुधा नाही. पण नक्की नाही सांगता येणार मला.”

“चूक सापडली कोणाला?”

डॉक्टरांनी दाराकडे बोट केलं. बाईंचा चेहरा जरा सैल झाला, आभार मानायला निघाल्यासारखा. अंबादास पुढे आला.

“चूक झाली तेव्हाही सही माझीच होती, ताई.”

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग फाइल छातीशी धरून उठल्या.

“चला,” नवऱ्याला म्हणाल्या, “ऑपरेशनची तारीख घेऊन येऊ.”