कानामागचं हाड

माणूस समोर आला की नाव विसरणारा आणि पाठमोरा दिसला की बरोबर ओळखणारा माणूस अख्ख्या चंद्रपुरात एकच आहे, आणि तो माझा धाकटा दीर आहे. तो मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवतो. जिवंत माणसाला त्याने आजवर साधी सुई टोचलेली नाही. देहदानातून आलेल्या मृतदेहांच्या कानामागचं हाड उघडायचं आणि आतली मोठी शीर नेमकी कुठून जाते ते मोजायचं, हे त्याचं वीस वर्षांचं संशोधन. मेंदूचे सर्जन तिथेच कवटीला भोक पाडतात. शीर फुटली तर खेळ आटोपला. "पुस्तकात मापं नाहीत का?" मी एकदा विचारलं. "आहेत ना, वहिनी. पन पुस्तकातल्या डोक्यायनं आपली गोंडपिपरी पाह्यली कुठी?"

लग्नात तो मुद्दाम मागच्या रांगेत बसतो, डोकी बघत. माझं कौतुक त्याने पंचवीस वर्षांत एकदाच केलं: "वहिनी, तुमच्या कानामागचं हाड मस्त आहे." मृतदेह कमी मिळतात, म्हणून गोंडपिपरीच्या एका पंगतीत त्याने भात वाढता वाढता नवरदेवाच्या मामांना विचारलं, "भाऊ, देहदानाचं काई ठरवलं का?" मामा म्हणाले, "आधी जेवू तर दे बे!"

मग मलाच डाव्या कानाने ऐकू येईना. तपासणीत ऐकण्याच्या नसेवर गाठ सापडली, आणि नेमकी माझी शीर नेहमीच्या जागेपासून सरकलेली. नागपूरच्या सर्जनबाई आल्या, एक अख्खी दुपार दिरासोबत शवविच्छेदनाच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि गाठीपर्यंतचा रस्ता पक्का करून गेल्या. ऑपरेशनच्या सकाळी खूण करायचं काम त्यांनी त्यालाच दिलं. माझ्या कानामागे त्याने तीनदा माप घेतलं, तरी पेन काही टेकवेना.

"भाऊजी, रोज तर मोजता. आज काय झालं?"

"त्यायले घरी जायचं नसते, वहिनी."

गाठ निघाली. डावा कान गेला, मी राहिले.

घरी आल्यावर मी देहदानाचा अर्ज भरून त्याच्यापुढे ठेवला. लोकांच्या पंगती बिघडवणारा हा माणूस आता नाचेल, असं मला वाटलं. त्याने अर्ज दोनदा वाचला, बारीक घडी करून खिशात टाकला, उठून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसला आणि म्हणाला, "मले रिटायर व्हायले बारा वर्षं आहेत. त्याच्या आधी येऊ नका."