डाव्या पेटीच्या नांग्या

मधवाल्या काकूंचा नवरा एकतीस वर्षं वायरमन होता. घरामागच्या त्यांच्या आठ मधपेट्यांवरून ज्या जाड तारा जात, त्या त्याच्याच टोळीने ओढलेल्या. त्यामुळे गेल्या वर्षी माश्या चिडक्या झाल्या, येणाऱ्याजाणाऱ्याला डसायला लागल्या, तेव्हा काकूंना गुन्हेगार शोधायला लांब जावं लागलं नाही. ‘आमच्या ह्यांच्या तारांनी माश्यांची डोकी फिरवली,’ असं त्यांनी कुंपणावरून शेजारच्या शिवणवालीला सांगितलं, आणि गल्लीत वेगळी दवंडी पिटायची गरज उरली नाही. काका भाजी आणायला गेले तरी कुणीतरी विचारायचं, “काय वायरमनकाका, आज कुणाला शॉक?” आधी ते हसत. मग त्यांनी बाहेर जाणंच कमी केलं.

विजेचा माश्यांवर काय परिणाम होतो हे अभ्यासणारी एक मुलगी आली, तेव्हा काकूंना वाटलं, आता शिक्कामोर्तब होणार. मुलीने दोन पेट्यांखाली तारेची वेटोळी बसवली. एकात चुंबकीय क्षेत्र तयार होणार, दुसऱ्यात नाही. कुठल्यात, ते पाकिटात बंद. काकूंनी रोज सकाळी काळ्या चामड्याचा तुकडा दोरीला बांधून प्रत्येक पेटीच्या दारापुढे मिनिटभर हलवायचा आणि त्यात रुतलेल्या नांग्या मोजून वहीत लिहायच्या. घड्याळ काका धरणार.

डाव्या पेटीखालून बारीक घूंऽ ऐकू येई. काकूंनी पहिल्याच दिवशी ताडलं, वीज इथेच. उजवीकडे त्यांचा तुकडा झोके घेई. डावीकडे तो फळीवर थडाथड आपटे.

“जरा जोरात होतंय का गं?” दुसऱ्या दिवशी काकांनी विचारलं.

“तुम्ही घड्याळ बघा.”

काका घड्याळ बघत राहिले.

सहा दिवसांनी मागच्या पायरीवर बसून मुलीने पाकीट फोडलं, वही उघडली आणि कपाळाला आठ्या घातल्या. “क्षेत्र उजवीकडे होतं, काकू. डाव्या वेटोळ्यातही वीज होती, पण अर्धी उलट्या दिशेने फिरवलेली, म्हणजे तिचा परिणाम तिनेच पुसावा.”

“पण आवाज डावीकडे होता.”

“डावीकडच्या विजेच्या डब्याचं झाकण सैल आहे, ते थरथरतं. पण हे उलटंच दिसतंय. उजवीकडे आठ-नऊ नांग्या, डावीकडे तीस, चौतीस. डावीकडच्या माश्या मुळातच तापट आहेत का?”

काकूंच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर भागत होतं. त्यांनी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, “असतील. त्या पेटीतली राणीच जरा कडक आहे.”

वर्षभराची परतफेड करायला काकांना एक वाक्य पुरलं असतं. ते त्यांनी पांघरूण घालण्यात खर्च केलं. त्यांनी टोमणा मारला असता तर काकूंना उलट बोलता तरी आलं असतं. आणि नांगी रुतली की माशी मरते, हे काकूंइतकं गल्लीत कुणाला ठाऊक होतं? माश्यांचा कैवार घेऊन त्यांनी रोज वीसेक माश्या जास्तीच्या मारल्या होत्या.

“राणी गरीब आहे बिचारी,” काकू वहीकडे बघत म्हणाल्या. “मीच डावीकडे तुकडा आपटत होते. वीज तिथे आहे असं वाटलं म्हणून.”

मुलगी रागावली नाही, तेही काकूंना सोसेना. तिने सहाही पानांवर आडवी रेघ मारली. “परिणाम होतो की नाही, हे यावरून सांगता येणार नाही. पुन्हा करू. तुकडा आता यंत्राने हलवू.”

“हो, यंत्राला नवरा नसतो,” काकू पुटपुटल्या. कुणी हसलं नाही.

मुलगी गेली, तशी शिवणवाली तोंडातल्या टाचण्या हातात घेत कुंपणाशी आली. “लागला निकाल? ताराच ना?”

काका आत वळले.

“अहो, थांबा जरा.” मग काकू शिवणवालीकडे वळल्या. “तारांचं अजून काहीच ठरलेलं नाही. आकडे मी वाढवून आणले. आणि वर्षभर ह्यांच्या नावाने बोंबलत होते, तेही काही माहीत नसताना.”

“अगं बाई,” शिवणवाली म्हणाली. “मी तर गल्लीभर सांगून बसले.”

“मग हेही सांग.”

“हे कसं सांगू? तुमचीच अब्रू.”

“माझीच. सांग.”

काकांनी हे सगळं ऐकलं. ते आत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं, कडी मात्र लावली नाही. काकू बराच वेळ कुंपणाशीच उभ्या राहिल्या. ते दार ढकलायचं त्यांना धैर्य होत नव्हतं.